तक्रार लेखीच द्या

“मास्तर आजबी आलं न्हाईत, बाई,” फोनवरचा माणूस म्हणाला.

“आधी नाव सांगा. तुमचं, मग शाळेचं. तक्रार नंतर.” विनोदिनीबाईंनी वहीचं कोरं पान काढलं.

फोन खरं तर पलीकडच्या टेबलावरच्या मदतनीस श्रद्धानं उचलला होता, पण त्याला बाईच हव्या होत्या. सगळ्यांना बाईच हव्या असतात. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या राज्य महासंघाची सांगली शाखा म्हणजे माधवनगरात पिठाच्या गिरणीवरची एक खोली, दोन टेबलं आणि विनोदिनीबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात इथं येऊन बसल्या, तेही बिनपगारी. फलटणपासून जतपर्यंत गावोगावच्या पालकांकडून त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती. शाळा तुमची आहे, गुरुजींना घाबरू नका, तक्रार असेल तर लेखी द्या. फलटणच्या शिबिरात एक मुख्याध्यापक तावातावानं उठले होते, “बाई, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणताय!” बाई म्हणाल्या, “शाळेत वेळेवर या, पोट शाबूत राहील.” पालकांनी काय टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा!

“मी भाऊसो. चिंचमाळच्या समितीचा अध्यक्ष. आटपाडीच्या शिबिराला आलतो न्हवं का.”

बाईंचं पेन थांबलं. चिंचमाळ. माळावरची धनगरवस्ती, सतरा मुलं, एकच शिक्षक. आणि तो एक शिक्षक म्हणजे त्यांचा मुलगा, अनीश.

सहा वर्षं भरतीची वाट बघून लागलेली नोकरी. अजून शिक्षणसेवकच होता तो. तीन वर्षं नीट पार पडली की कायम होणार होता, आणि त्यातले चारच महिने उरले होते. अशात एक लेखी तक्रार गेली की संपलं सगळं. आणि आज सकाळी सात वाजता बाईंनीच त्याला डबा भरून दिला होता की! गाडी काढून “येतो गं” म्हणून गेला होता. मग गेला कुठं?

“किती दिवस चाललंय हे?”

“दिवाळीपास्नं. सोमवार, मंगळवार, बुधवार यायचंच न्हाई. बेस्तरवारी यायचं आन चारी दिसाच्या सह्या एकदम ठोकायच्या. तिकडं सांगलीत कुठल्या अभ्यासिकेत बसत्यात म्हणं. मोठ्या परीक्षेचा नाद लागलाय.” भाऊसोचा आवाज चढला नव्हता. उलट तो जरा अवघडल्यासारखाच बोलत होता. “खिचडी करणारी सुलाबाई पोरं सांभाळती. ती तरी काय शिकवणार? आवं, आमची माणसं मेंढरं घिऊन कोकणात गेल्यात. दर साली पोरं संगट जायची. औंदा पयल्यांदा मागं ठिवली, म्हाताऱ्यांजवळ. शाळा बुडाय नगं म्हणून. लेकरं आईबिगर राहिल्यात, बाई, आन शाळंत मास्तर न्हाई.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तोंडून निघालं ते भलतंच.

“एकदा बसून समजावून बघा की त्यांना.”

श्रद्धानं चमकून वर पाहिलं. बाईंनी हा सल्ला आजवर कुणालाही दिला नव्हता.

“दोनदा समजावलं. एकदा तर घरी जेवाय घालून समजावलं.”

आठवडाभराची मुदत मागून घेता आली असती. संध्याकाळी घरी पोराचा कान धरायचा, उद्यापासून त्याला मुकाट्यानं शाळेत धाडायचा, चार महिने कसेबसे काढायचे. कुणाला पत्ता लागणार होता? माळावरची सतरा पोरं काही सांगलीला सांगायला येणार नव्हती. हे असलं आपल्या मनात येतंय, याचाच त्यांना संताप आला.

“आवं बाई, आदी माझं ऐका जरा...”

“मध्ये बोलू नका. समितीत ठराव झाला का?”

“झाला.”

“सह्या?”

“समद्यांच्या. बायकांनीबी केल्या. पर मी काय म्हणतूय...”

“ते नंतर. कागद घ्या आणि मी सांगते तसं लिहा. प्रति, गटशिक्षणाधिकारी...”

भाऊसोनं निमूट कागद घेतला असावा, पलीकडं काहीतरी खसफसलं. बाई एकेक वाक्य सांगत गेल्या. गैरहजेरीचे दिवस. मागाहून केलेल्या सह्या. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. मध्येच श्रद्धानं पाण्याचा पेला पुढं सरकवला. त्यांनी तो हातानंच बाजूला केला.

“आता शिक्षकांचं पूर्ण नाव.”

पलीकडची खसफस थांबली.

“लिहा. अनीश मधुकर लिमये.” डोळ्यांतलं पाणी आता वहीवर पडत होतं. “माझा मुलगा आहे तो, भाऊसो. तरी हा अर्ज आजच्या आज गेला पाहिजे. माझ्याकडं बघून थांबू नका.”



“ठावं हाय, बाई,” भाऊसो म्हणाला. “अर्ज आमी कालच दिलाय. तुमास्नी दुसऱ्या कुणाकडनं कळू नये, म्हणून फोन केलता.”