कंबरेला की हाताला

पाचवी गोळी झाडून आर्लीनबाईंनी हलकं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं. दुकानदार कर्टिस ओशाळला. बाईमाणूस दुकानात आलं की सगळ्यात हलकं हत्यार पुढे करायचं, ही त्याची बावीस वर्षांची खोड. हत्यार जेवढं हलकं तेवढा त्याचा धक्का जबर, हे त्याच्याइतकं ओक्लाहोमात कुणाला ठाऊक नसेल. तरी हात आपोआप त्याच फळीकडे जायचा.

"आता हे घ्या," म्हणत त्याने पोलादी, जड, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. सहा गोळ्या सुटल्या. बाईंचा हात जेमतेम हलला. कागदी माणसाच्या छातीवर बशीएवढ्या जागेत सहा भोकं पडली. मग कर्टिसने आधीचा कागद ओढून पाहिला. त्या टिल्ल्या हत्याराच्या पाचही गोळ्या छातीतच होत्या. पहिल्यांदाच हत्यार घ्यायला आलेली सहासष्ट वर्षांची बाई असा नेम धरते, हे त्याला जरा विचित्रच वाटलं.

काउंटरवर त्याने बाईंच्या हाताला पट्टी लावली. सरकारी फॉर्म त्यांनी त्याच हाताने भरला. आता फोनवरून मंजुरी येईपर्यंत थांबायचं होतं.

"तुम्हीच सांगा हो हिला," त्यांचा मुलगा डेल म्हणाला. "तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी एक पिकअप फाटकाशी येऊन उभी राहते. आतला माणूस उतरत नाही, बोलत नाही, नुसता घराकडे बघत बसतो. मी म्हणतो, घर विक आणि टल्साला माझ्याकडे ये. तर ही हत्यार घ्यायला निघाली. तेही गावातलं दुकान सोडून चाळीस मैलांवर."

"गावातले लोक फार चौकशा करतात," आर्लीनबाई म्हणाल्या. "फाटक माझं आहे. टपालाची पेटी तिथेच आहे. टपाल आणायला मी रोज जाणार. त्याला बघत बसायचंय तर बसू दे."

"शेरीफ काय म्हणतो?" कर्टिसने विचारलं.

"रस्ता सरकारी आहे म्हणतो."

कर्टिसने दोन्ही हत्यारं शेजारी ठेवली आणि आपलं आवडतं प्रवचन सुरू केलं. "हे बघा, हलकं घेतलंत तर दिवसभर कंबरेला काही आहे हे कळणारही नाही. जड घेतलंत तर कंबर कुरकुरेल, पण वेळेला हात साथ देईल. आराम कंबरेला हवा की हाताला, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या जागी माझी आई असती तर मी जडच दिलं असतं."

फोन वाजला. मंजुरी आली होती.

"हलकं द्या," आर्लीनबाई म्हणाल्या.

कर्टिस हसला. "म्हणजे शेवटी कंबरच जिंकली. सगळ्या बायकांचं हेच. आधी आराम."

"कंबरेचं तुम्ही मला सांगू नका. अस्संच जड अकरा वर्षं वागवलंय मी. स्वयंपाकघरात, कोंबड्यांच्या खुराड्यात, चर्चमध्येसुद्धा."

"मग ते कुठे गेलं?"

"शेरीफच्या कपाटात. चिठ्ठी लावून ठेवलंय."

"आई, राहू दे ना," डेल हळूच म्हणाला.

"का राहू दे? ज्याच्याकडून घेतेय त्याला कळू दे." बाईंनी कर्टिसच्या डोळ्यांत पाहिलं. "तीन वर्षांपूर्वी एक जण स्वयंपाकघराचं दार फोडून आत आला. हातात पहार होती. चोवीस वर्षांचा होता. सगळे म्हणाले, आर्लीन, तुझी काही चूक नाही. मीही तेच म्हणते. पिकअपमध्ये येऊन बसतो तो त्याचा बाप."

कर्टिसने जड रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे सरकवलं. "मग तर बाई, तुम्हाला जडच हवं," तो कसाबसा म्हणाला. "उद्या तो आत शिरला तर?"

"शिरला तर झाडीन. त्याला भिऊन घर सोडणार नाही आणि या डेलसाठीही सोडणार नाही. पण या वेळी माझ्या हाताला लागणारंच हवं." त्यांनी हलकं रिव्हॉल्व्हर स्वतःच उचलून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "मागच्या वेळी हाताला काही जाणवलंच नाही हो. तो पोरगा दारात मरत होता, आणि शेरीफ येईपर्यंत मी त्याच हाताने कॉफी ढवळत बसले होते."