रांगोळीतला तिसरा ध्रुव

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून शिवानी गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचा आकार काढत होती. दोनच ध्रुव धरून गणित काही जुळेना.

"जमला का गं तुझा तारा?" समोरच्या नीलाकाकू रोज विचारायच्या. दिवाळीत त्या वारल्या. आता कोणी विचारत नाही.

दुपारी दार उघडलं, तर काकूंच्या कुलूपबंद दारापुढे ताजी रांगोळी. रेषा तिच्याच आकृतीतल्या, फक्त ध्रुव तीन.

तिने वॉचमनला फोन लावला. "दौलतदादा, काकूंकडे कोण आलेलं?"

"कोणीच नाही, मॅडम. चावी माझ्याकडेच आहे."

आत येऊन तिने तिसरा ध्रुव धरला. गणित जुळलं.

इंटरकॉम वाजला. त्याच्या पडद्यावर काकूंच्या फ्लॅटचा नंबर होता.

शिवानीने रिसीव्हर उचलला. "जमला, काकू."