पुलावरचा बुटका

मिलवॉकीत, वेंडेलच्या तळघरात आम्ही फासे टाकून एकच साहसकथा वर्षानुवर्षं खेळतोय. काल त्याने खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती आणली. “लोर्ना, खूश हो! नव्या नियमांत तुझा बुटका योद्धा पुलावर मेलाच नसता. परत घे त्याला.” लोर्नाने हातातला फासा भिंतीवर भिरकावला आणि माझ्याकडे नि ड्वेनकडे बोट केलं. “ह्या दोघांना पळता यावं म्हणून एकटाच उभा राहिला तो. तूसुद्धा ढसाढसा रडला होतास!” “अगं, खेळ आहे,” ड्वेन म्हणाला. “नवे नियम सोपेही आहेत.” “वा! त्याचं मरण खोटं, तर तुमचं जगणंही खोटं. आणा इकडे!” आमच्या पात्रांच्या माहितीचे, खोडरबराने झिजलेले कागद ती मागत होती. आमच्यात कागद फाटला की पात्र संपलं. मी माझा खिशात कोंबला. ड्वेन आपल्या कागदावर चक्क बसला. “मग? खेळच आहे ना?” लोर्ना कडाडली. वेंडेलने नियमांचं नवं पुस्तक मिटलं.