पांढरी पट्टी

ग्लासगोच्या शाळेत संशोधक बाईंनी प्रयोगासाठी रंगीत पट्ट्या टाकलेली टोपी वर्गात फिरवली. लाल पट्टी निघाली तर सात आठवडे जीव तोडून धावायचं, निळी निघाली तर सावकाश, आणि पांढरी निघाली तर नुसतं बसायचं. शेवटी सगळ्यांच्या रक्तातली चरबी मोजायची. पंधरा वर्षांच्या एल्स्पेथला पांढरी मिळाली. तिच्या पायांना चैन पडेना. बाबा चाळिशीआधीच हृदय बंद पडून गेले होते आणि परवा तिच्याही चरबीचा आकडा त्यांच्याइतकाच आला होता. शेजारच्या मोरागनं आपली लाल पट्टी पुढे केली. "घे गं, तू पळ. मी बसून चिप्स खाते!" बाईंनी पाहिलंच. "अदलाबदल नाही हं, पोरींनो. आम्हाला बसणारेही मोजायचेत." "सात आठवडे?" एल्स्पेथनं विचारलं. "फक्त सात, बाळ." एल्स्पेथनं पांढरी पट्टी बाईंच्या हातात ठेवली. "मग मला मोजू नका," ती म्हणाली आणि मैदानाकडे धावत सुटली.