हा घास कुणाचा?

"हा घास चिऊचा," त्रिवेणीबाईंनी वरणभात पुढे केला. शर्वरीने तोंड फिरवलं.

"चिऊचा नक्को, आजी. सलमाखालाचा. मग यादम्माचा. टीचरच्या गाण्यात असंच आहे."

आजींचा हात तिथेच थांबला. कोण ही सलमा, कोण यादम्मा? आपलं चिऊकाऊचं गाणं मोडून ही बाई पोरांना भरवते तरी काय? सुनेला विचारलं तर ती हसली. "आई, मुलांना एकमेकांची घरं कळावीत म्हणून बदललंय." ती हसली, तिथेच आजींचा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्या कुणाला न सांगता बालवाडीत पोचल्या आणि खिडकीआड उभ्या राहिल्या. आज टीचरला रंगेहाथ पकडायचंच. आत एक अनोळखी पोरगी तोंड घट्ट मिटून बसली होती. टीचरने तिच्याच डब्यातला घास उचलला आणि गाण्याच्या चालीवर विचारलं, "ये निवाला किसका?"

पोरीने जरा विचार केला, मग मोठ्ठा आ केला.

"शर्वरीके आजीका!"