हरवलेला बोकड

काशीने गोष्टीची शेवटची ओळ म्हटली, तेव्हा ती ओळ जयरामच्या तळहाताखाली झाकलेली होती.

"पुढचं कसं कळलं तुला?" त्याने विचारलं.

"माहीत हे ना," चौथीतली काशी म्हणाली. "बोकड आपल्या पायांनी घरी येतो."

जयरामच्या कागदावर शेळी होती. बोकड होता तो पहिल्या मसुद्यात, आणि तो मसुदा गंगापूर रोडवरच्या ऑफिसातून कुणाला दिलाच नव्हता. दिवाळीआधी टेबल आवरताना त्याने स्वतःच जुन्या मसुद्यांचे गठ्ठे निकालात काढले होते.

पेठ तालुक्यातल्या या पाड्यावरचा वाचनवर्ग चालू राहणार की बंद होणार, हे त्याच्या चाचणीवर ठरणार होतं. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. दहा वर्षं असे वर्ग तपासून जयराम आता पाणीही फुंकून प्यायचा. त्याने आणखी तिघांना बसवलं. तिघांनाही गोष्ट पाठ होती आणि तिघांच्याही गोष्टीत बोकडच होता.

"सविताताई, ही गोष्ट मुलांना आधी कुणी दिली?"

वर्ग चालवणारी सविता गोंधळली. "मी नाय दिली, सर. ही पोरं सापडेल तो कागद वाचतात. मीच सवय लावली. भिंत बघा ना."

भिंतीवर साबणाची वेष्टनं, एसटीची तिकिटं आणि वर्तमानपत्राचे तेलकट तुकडे चिकटवले होते. जयरामने नुसती नजर फिरवली. बाई चांगलीच तयारीची दिसते, असं त्याला वाटलं. ऑफिसातलं कोण हिला सामील असेल, याचा तो मनात हिशेब करू लागला.

"मग बोकड कुठे भेटला यांना?"

सविताने काशीला जवळ ओढलं. ती म्हणाली, "वर्ग राहील ना, सर? जूनमध्ये या काशीला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं."

"अहवालात काय ते लिहीन."

तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून निकाल बदलत नाहीत.

फाट्यावर दत्तूच्या भज्यांच्या टपरीपाशी मोबाईलला रेंज आली. भजी सांगून जयरामने तिथूनच अहवाल पाठवला: पेपर फुटला आहे, वर्ग बंद करावा. पाच मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं. मंजूर.

दत्तूने गरम भजी कागदावर ठेवून पुढे केली.

"पाड्यावरून आलात का? तिथली पोरं लय भारी, साहेब. भजी संपली तरी कागद सोडीत नाय."

जयराम हसला. भूक सपाटून लागली होती. त्याने शेवटचं भजं उचललं. खाली तेलात भिजलेली बोकडाची गोष्ट होती, आणि समासात लाल पेनने, त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: "बोकड नको, शेळी करा."