चौथं लिंबू

अनिलकुमारच्या गाडीच्या इंजिनाची ताकद श्रीशैलनं वाढवून दिली आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा विझेनासा झाला. चाकाची रस्त्यावरची पकड सुटली की लागणारा हा दिवा गाडी उभी असतानाही लागायचा. वायरी बदलल्या, सेन्सर बदलले, दोष सापडेना. बसवकल्याणात आपल्यासारखा मिस्त्री नाही म्हणणाऱ्याला ते सांगायची लाज वाटली. त्यानं दिव्याचा बारका बल्बच काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि "झालं काम" म्हणाला.

गाणगापूरला निघताना अनिलकुमारच्या आईनं, पद्माबाईनं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढं गेली. तीन चिरडली. चौथ्यावरून चाक गेलेलं सगळ्यांनी पाहिलं, पण त्याला ओरखडाही नव्हता.

"श्रीशैलअण्णा, ह्ये कामून फुटलं न्हाई?"

"सरकलं असंल, अक्का."

"गाडी नीट हाय न्हवं?"

"व्हय की," तो खाली बघत म्हणाला.

गाडी भर उन्हात निघाली, आणि त्याच्या खिशात, कसल्याही वायरीविना, बल्ब पेटला.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. पण त्याआधीच, कुणी बघू नये म्हणून, त्याचा हात खिशावर गेला होता. गाडी वळणाआड गेली. बोटांच्या फटींतून पिवळा उजेड लुकलुकतच राहिला.